तीन पायांची मोसंबी

भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठापासून हाकेच्या अंतरावर आमचं शेत आहे. तिथल्या विहिरीजवळ मोसंबीचं एक झाड अजून उभं आहे. वयानं तीस ओलांडलेलं, फळं आता मोजकीच. पण नवखा माणूस शेतात आला की त्या झाडापाशी थबकतोच. कारण या झाडाला खोड एक नाही. मधलं जुनं खोड कमरेएवढ्या उंचीवर सुजल्यासारखं फुगलेलं, त्याखाली बारीक झालेलं, आणि त्याच्या दोन्ही अंगांनी मनगटाएवढी जाड दोन खोडं जमिनीतून वर येऊन फुगवट्याच्या वर त्याच्यात शिरलेली. म्हाताऱ्या माणसाला दोघांनी काखेत धरून उभं करावं तसं. आमच्या घरात त्याला 'तीन पायांचं झाड' म्हणतात. ते तसं का झालं हे पाहुण्यांना सांगायची पाळी आली की धाकटा भाऊ माझ्याकडे बघतो आणि गप्प बसतो. सांगायचं मीच, कारण करणी माझीच.

१९९० साली महाराष्ट्रात रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीची योजना सुरू झाली, तेव्हा खानदेशात गावोगाव खड्डे खणले गेले. आमचे आप्पा मूळचे कापूसवाले. पण कापसाच्या भावाला नि बोंडअळीला वैतागलेले. त्यांनी १९९१ च्या पावसाळ्यात दोनशे मोसंबीची कलमं लावली. कलमं घेतली ती पलीकडच्या गावच्या तात्यांकडून. तात्या म्हणजे कलम बांधण्यातला जुना हात. लहानपणी मी त्यांना रानबोरीवर डोळे भरताना पाहिलेलं. उन्हाळ्यात बांधावरची गावठी बोर गुडघ्याएवढी ठेवून छाटायची, तिला फुटलेल्या जोमदार धुमाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाशी उमराणचा नाहीतर आपल्या जळगावच्या मेहरूणचा डोळा बसवायचा. बोरीची मुळं खोल गेलेली, उन्हाळ्यातही ओल हुडकणारी; फळ मात्र वरच्या डोळ्याचं. धुळ्याकडच्या कोरड्या मुलखात ही युक्ती लोकांना फार मानवली.

कलमं घरी आली त्या दिवशी आजीमायनं एक प्रश्न विचारला होता. मोसंबीचा डोळा जंभेरीच्या खुंटावर भरलेला असतो हे तिला कळलं, तेव्हा ती म्हणाली, "जंभेरी आंबटढाण. खालून आंबट रस चढणार, तर वर गोड फळ कसं येईल?" सगळे हसले. मी तेव्हा धुळ्याला बी.एस्सी.ला होतो, वनस्पतिशास्त्र घेऊन. त्यामुळे मी जरा जास्तच हसलो. उत्तर मात्र मला तेव्हा नीट देता आलं नव्हतं.

ते आता देतो. झाडात दोन वाटा असतात. एक मुळाकडून वर जाणारी. खोडाच्या लाकडातल्या बारीक नळ्यांतून पाणी आणि त्यात विरघळलेली खनिजं, म्हणजे नत्र, पालाश, कॅल्शियम, लोह, जस्त, पानांकडे चढतात. दुसरी वाट सालीच्या आतल्या बाजूला असते. पानांत सूर्यप्रकाशावर तयार झालेली साखर या वाटेनं खाली मुळांकडे, फळांकडे, कोवळ्या शेंड्यांकडे जाते. शाळेच्या पुस्तकातल्या जलवाहिन्या आणि रसवाहिन्या त्या ह्याच. म्हणजे मुळाकडून वर चढतं ते जवळजवळ कच्चं सामान. जंभेरीचा आंबटपणा मुळात नसतोच, तो जंभेरीच्या फळातच तयार होतो. मोसंबीची गोडी मोसंबीच्या पानांनी केलेली. आजीमायची चूक एवढीच की तिनं रस खालून वर चढतो असं धरलं होतं. गोडीचा रस वरून खाली येतो.

या दोन्ही वाटांच्या मधोमध, साल आणि लाकूड यांच्यामध्ये, एक ओलसर, निसरडा थर असतो. शास्त्रात त्याला कँबियम म्हणतात. तात्या त्याला 'जीव' म्हणत. "साल उचलली की जीव लागतो बोटाला," असं. वाढ होते ती याच थरात. आत लाकूड, बाहेर साल, दोन्ही हाच थर घालतो. कलमाची सारी करामत खुंटाचा जीव आणि डोळ्याचा जीव एकमेकांना भिडवण्यात आहे. कापलेल्या जागी दोन्हीकडून मऊ, बिनआकाराच्या पेशींचा गठ्ठा तयार होतो, जखमेवर खपली धरावी तसा. त्या गठ्ठ्यातून हळूहळू नवा कँबियम जुळतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन्ही वाटा पुन्हा जोडल्या जातात. तोवर डोळा आपल्या गाठीच्या शिदोरीवर आणि पेशीपेशींतून झिरपणाऱ्या ओलाव्यावर तग धरून असतो. म्हणूनच डोळा भरल्यावर पट्टी घट्ट, हवाबंद लागते. मोहरीच्या कुळातल्या एका चिमुकल्या रोपावर केंब्रिजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ही जोडणी दिवसागणिक मोजली. गंमत अशी की आधी जुळते ती अन्नरसाची वाट, साधारण तीन दिवसांत. पाण्याची वाट जुळायला आठवडा लागतो. आमच्या लिंबूवर्गीय झाडांना अर्थातच याहून जास्त दिवस लागतात. तात्या दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडत.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १९९३ च्या दिवाळीच्या सुटीत मला शास्त्रीय नोंदी ठेवायचं वेड लागलं. प्रत्येक झाडाला नंबर द्यायचा, खोडाचा घेर मोजायचा, नवती कधी फुटली, फूल कधी लागलं, सगळं वहीत लिहायचं. डालड्याच्या डब्यांचा पत्रा कापून मी दोनशे बिल्ले केले, खिळ्यानं त्यांवर आकडे ठोकले आणि सुतळीनं एकेका झाडाला बांधत निघालो. विहिरीजवळची शेवटची ओळ राहिली आणि सुतळी संपली. घराच्या स्लॅबच्या कामातली बाइंडिंगची तार ओसरीत पडली होती. तिच्या अकरा आडण्या करून ती ओळ मी पुरी केली. खोडं तेव्हा अंगठ्याहून थोडी जाड. तार चांगली सैल ठेवली होती, हे मला पक्कं आठवतं.

दोन पावसाळ्यांत सुतळ्या कुजल्या, बिल्ले गळून मातीत गेले. विहिरीजवळचे अकरा तेवढे टिकले. मला त्याचं कौतुकच वाटलं होतं. पुढे शिक्षण संपलं, धुळ्याला शाळेत नोकरी लागली, वही ट्रंकेत गेली.

१९९७ चा आंबे बहार आमच्या बागेत गाजला. सगळी बाग बरीच होती, पण विहिरीजवळची ओळ अशी लदली की फांद्यांना टेके द्यावे लागले. फळ दिसायला पिवळंधमक, चवीला गोड. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या ओळीतलंच फळ सोलून देत आणि विहिरीच्या पाझराला श्रेय देत. व्यापाऱ्यानं त्या अकरा झाडांकडे बोट दाखवून "सगळी बाग अशी असती तर!" म्हटलेलं मला आठवतं.

पुढच्या वर्षी त्याच झाडांची नवती बारीक फुटली. पानं पिवळी पडायला लागली. फांद्या शेंड्याकडून वाळू लागल्या. १९९९ च्या उन्हाळ्यात त्यातली दोन झाडं उभी वाळली.

आप्पांनी काय करायचं ठेवलं नाही. शेणखताचे ढीग घातले. दुहेरी आळी केली. खोडाला बोर्डो पेस्ट लावली. पानं पिवळी म्हणून हिराकस घातला, फवारलाही. उसाला, भुईमुगाला केवडा पडतो तसंच हे दिसत होतं, त्यामुळे तो अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. आमच्याकडच्या काळ्या जमिनीत खाली चुनखडी आहे. अशा जमिनीत लोह भरपूर असूनही मुळांना ते मिळत नाही, कारण चुन्यामुळे ते विरघळत नाही. मूळ त्यावर आपली शक्ती खर्च करून ते विरघळणाऱ्या रूपात आणतं आणि मग आत घेतं. पुढचा प्रवास तर ऐकण्यासारखा आहे. पाण्याच्या वाटेनं वर जाताना लोह सायट्रिक आम्लाचं बोट धरून जातं, म्हणजे लिंबाला जे आंबट करतं त्याच आम्लाचं. लोह एकदा पानात पोचलं की तिथलंच होतं, जुन्या पानातून नव्या पानात सहसा येत नाही. म्हणून लोह कमी पडलं की शेंड्याची कोवळी पानं आधी पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. नत्राचं उलटं. ते जुन्या पानातून काढून नव्याला दिलं जातं, म्हणून नत्र कमी पडलं की खालची पानं आधी पिवळी. पानाकडे बघून झाडाचं दुखणं ओळखायचं तर ही एक खूण घरच्या कुंडीतही उपयोगी पडते.

आमच्या झाडांची मात्र वरची, खालची, सगळीच पानं पिवळी होती.

शेवटी आप्पांनी दोष तात्यांना दिला. खुंट भलताच वापरला, जंभेरी म्हणून दुसरंच काही दिलं, असं त्यांच्या मनानं घेतलं. एका बाजाराच्या दिवशी चारचौघांत ते तात्यांना नको ते बोलले. तात्या एवढंच म्हणाले, "तुमची बाकीची एकशे नव्वद झाडंही माझ्याच हातची आहेत." त्यावर आप्पांकडे उत्तर नव्हतं, म्हणून ते आणखी चिडले. वर्षभर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मीही तेव्हा आप्पांच्याच बाजूचा. पुस्तकातलं ज्ञान वापरून मी त्यांना ब्राझीलची गोष्ट सांगितली होती, म्हणजे भांडणाला काडी मीच पुरवली म्हणा.

ती गोष्ट खरी आहे. ब्राझीलमध्ये साओ पावलो भागात १९३०-४० च्या सुमारास आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधलेली गोड संत्र्याची झाडं झपाट्यानं मरायला लागली. लक्षावधी झाडं गेली. लोकांनी रोगाला नाव दिलं 'त्रिस्तेझा', म्हणजे उदासी. तो होता विषाणू, मावा नावाच्या आपल्याही ओळखीच्या किडीनं पसरवलेला. आंबट संत्र्याचं झाड एकटं असलं तर त्याला तो फारसं काही करत नाही, गोड संत्र्यालाही बऱ्याचदा नाही. पण गोड संत्रं वर आणि आंबट संत्रं खाली अशी जोडी असली की सांध्याच्या लगेच खाली सालीतली अन्नरसाची वाट बंद पडते. वर पानं साखर करताहेत, आणि खाली मुळं उपाशी. भारतात मोसंबी-संत्र्याला जंभेरीचा खुंट रुळला त्यामागे ही जोडी त्रिस्तेझा सोसते हेही एक मोठं कारण आहे. शिवाय जंभेरीच्या एका बीतून बहुधा दोन-तीन रोपं उगवतात आणि त्यातली बरीचशी आईची हुबेहूब नक्कल असतात, त्यामुळे खुंट एकसारखे मिळतात. मी आप्पांना सांगितलं, खुंट चुकला असेल तर असं होऊ शकतं. निदान चुकलं नव्हतं. उपासमार खाली होती हे खरंच होतं. वाट कुणी बंद केली, तेवढं चुकलं.

२००० च्या एप्रिलमध्ये तात्या स्वतःहून शेतात आले. कुणी बोलावलं नव्हतं. आप्पा विहिरीच्या थारोळ्यावर बसून होते, मी उन्हाळी सुटीत घरी. तात्यांनी रामराम केला, कुणाकडे न बघता त्या ओळीतल्या एका झाडाशी उकिडवे बसले आणि खोडावर हात फिरवला. सांध्याच्या वितभर वर खोड फुगलेलं होतं. आम्ही ती डिंक्याची सूज समजत होतो. तात्यांनी फुगवट्याखालच्या खाचेत डोळा भरायच्या चाकूचं टोक घातलं, सालीचा कपचा उडवला, आणि आत काहीतरी चकाकलं. त्यांनी टोकानं ते थोडं उचकटलं. तार. दुसरं झाड बघितलं, तिथंही तार. एका झाडात सालीनं अर्धा गिळलेला पत्र्याचा बिल्ला होता. त्यावर आकडा वाचता येत होता, १९४.

"मुळ्या उपाशी शेतस, भाऊ," तात्या आप्पांना म्हणाले. बोलले एवढंच.

मला काय वाटलं ते लिहीत बसत नाही. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी तो बिल्ला चाकूनं मोकळा केला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि कोपरीच्या खिशात टाकला.

सैल बांधलेल्या तारेनं झाड कसं मरतं हे समजायला तीनशे वर्षांहून जुना एक प्रयोग पुरतो. सतराव्या शतकात इटलीत माल्पीगी नावाच्या वैद्यानं झाडांच्या सालीचं बांगडीएवढं वलय काढून बघितलं. पानं लगेच सुकली नाहीत, कारण पाण्याची वाट आत लाकडात शाबूत होती. वलयाच्या वरची बाजू मात्र फुगत गेली. वरून येणारं अन्न तिथं अडलं होतं. पुढे १९३० मध्ये म्यूंख या जर्मन शास्त्रज्ञानं हे अन्न वाहतं कसं ते मांडलं. पान साखर सालीतल्या नळ्यांत भरतं, साखरेच्या ओढीनं शेजारचं पाणी आत येतं, दाब वाढतो, आणि जिथं साखर खर्च होतेय तिकडे रस ढकलला जातो. ताशी अर्धा-एक मीटर इतका त्याचा वेग असतो. हा रस बाहेर काढून तपासणं कठीण, कारण नळी टोचली की ती स्वतःला बुजवून घेते. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये दोघा संशोधकांनी त्यावर तोड काढली. मावा आपली सोंड नेमकी त्याच नळीत खुपसून बसतो. त्याला गुंगी देऊन सोंड तेवढी ठेवून बाकीचा कापून टाकला, तर सोंडेच्या टोकातून तासन् तास रस ठिबकत राहतो. माणसाला जमली नाही अशी सुई किडीकडे तयार होती.

माझ्या तारेनं झाडाच्या कमरेला सावकाश फास घातला होता. खोड जाड होत गेलं, सैल तार आधी टेकली, मग रुतली, मग साल तिच्यावरून वाढली. पाणी वर जात होतं. साखर खाली येत नव्हती. आणि खाली न आलेली साखर गेली कुठं? फळांत. १९९७ चा तो लदलेला बहार विहिरीच्या पाझराचा नव्हता. नाशिककडे द्राक्षवाले मुद्दाम वेलाची साल वलयासारखी काढतात, मणी फुगावेत म्हणून. त्याला ते गर्डलिंग म्हणतात. पण ती जखम बारीक असते नि काही आठवड्यांत भरून येते. माझी तार सोडणारं कुणी नव्हतं. आम्ही ज्या वर्षी त्या झाडांचं कौतुक करत होतो, त्या वर्षी त्यांची मुळं साठवणीतलं खाऊन जगत होती.

मला तरीही पुरावा हवा होता, किंवा हातांना काम हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निरोगी झाडाची एक बोटभर जाड मुळी आणि आजारी झाडाची एक, अशा दोन मुळ्या खणून आणल्या. आडव्या चकत्या कापल्या आणि घरातल्या पेटीतलं टिंक्चर आयोडीन दोन्हींवर थेंब थेंब टाकलं. पिष्ट असलं की आयोडीन निळंकाळं होतं, हे आठवीच्या मुलालाही ठाऊक असतं. निरोगी मुळीची चकती बघता बघता शाईसारखी काळवंडली. दुसरी तशीच राहिली, पिवळट तपकिरी. आप्पा शेजारी उभे होते. त्यांनी दोन्ही चकत्या तळहातावर घेतल्या, बराच वेळ पाहिल्या. म्हणाले, "चल."

आम्ही तात्यांच्या घरी गेलो. आप्पांनी खिशातून बिल्ला काढून त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "तात्या, मी बाजारात बोललो, ते बाजारातच परत घेईन." आणि पुढच्या बाजारी त्यांनी तसं केलंही, चहाच्या टपरीवर, ऐकू जाईल अशा आवाजात. माझं नाव मात्र घेतलं नाही. "आमच्या घरातून चूक झाली," असंच म्हणाले.

पावसाळा लागल्यावर तात्यांनी काम हाती घेतलं. तारा आम्ही आधीच काढल्या होत्या, पण खाचा इतक्या खोल होत्या की वाट आपोआप जुळेल अशी आशा नव्हती. उरलेल्या नऊ झाडांच्या बुडाशी त्यांनी जंभेरीची पेन्सिलीएवढी जाड रोपं लावली, प्रत्येक झाडाला दोन-तीन. रोपं तग धरल्यावर त्यांचे शेंडे पाचरीसारखे तासले, फुगवट्याच्या वर मोसंबीच्या सालीत उलट्या 'टी'सारखा छेद घेतला, पाचर आत सरकवली, बारीक चुका ठोकून पट्टी बांधली, वर मेण. म्हणजे भेट कलमाचाच उलटा प्रकार. एरवी खुंटाला डोळा द्यायचा, इथं झाडाला नवे खुंट दिले. जखमेच्या वर अडकलेली साखर या नव्या पायांतून खाली उतरू लागली, नवी मुळं पोसली गेली, त्यांनी पाणी-खनिजं वर पाठवली. दिवाळीला काही झाडांची नवती हिरवी फुटली. नऊपैकी पाच जगली. तात्यांनी मजुरी घेतली नाही. आप्पांनी दरवर्षी पहिल्या तोडीची एक पाटी त्यांच्या घरी पोचवायची सुरू केली, ती २००९ मध्ये आप्पा गेले त्या वर्षापर्यंत.

आजीमायचा प्रश्न इतक्यात संपत नाही, म्हणून थोडं विषयांतर करतो. खुंटाचं वरच्या फळाशी काहीच देणंघेणं नसतं असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आलो. ते अर्धंच खरं. जंभेरीवरची मोसंबी जोमात वाढते, फळ भरपूर देते, पण इतर काही खुंटांच्या मानानं रस जरा पांचट असतो. आजीमाय अगदीच चुकली नव्हती. आणि मुळात काही पदार्थ असे तयार होतात, की ते खरोखरच वर चढतात. १९४२ मध्ये अमेरिकेत डॉसन या संशोधकानं तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचं कलम केलं, तर टोमॅटोच्या पानात निकोटीन सापडलं. उलट टोमॅटोच्या मुळावर तंबाखू बांधला, तर तंबाखूच्या पानात ते जवळजवळ नव्हतं. म्हणजे तंबाखूचं विष पानात बनतच नाही, मुळात बनतं. त्याच देशात टेनेसी राज्यात १९६० च्या दशकात एका कुटुंबानं थंडीला टिकाव म्हणून धोतऱ्याच्या खुंटावर टोमॅटो बांधले आणि ते खाऊन घरची माणसं आजारी पडली. आता आपल्याकडेही वांगी-टोमॅटोची कलमी रोपं मिळतात, रानवांग्याच्या खुंटावरची, मर रोग सोसणारी. ती खुशाल लावावीत. फक्त हौसेखातर धोतऱ्याशी खेळू नये.

घरच्या गॅलरीतल्या गुलाबाचंही थोडं सांगतो, कारण ही तक्रार मला हमखास ऐकू येते. "विकत आणला तेव्हा लाल टपोरा होता, आता नुसता झाडोरा वाढतो, फूल बारीक नि फिकं." गुलाब बदललेला नसतो. सांध्याखालून रानगुलाबाच्या खुंटाला फूट आलेली असते. ती मुळांची सख्खी, पाणी-खनिजं तिला सांधा न ओलांडता मिळतात, आणि ती वरच्याला उपाशी मारते. ती फूट जिथून निघाली तिथून ओढून काढावी, वरवर छाटू नये. मोसंबीवाले खुंटावरची फूट काढत फिरतात ते याचसाठी.

आणि जळगावकर म्हटल्यावर केळीचं विचारणारच. केळीला कलम का नाही? तर केळीत साल, जीव आणि लाकूड अशी रचनाच नाही. पाण्याच्या नि अन्नाच्या नळ्यांच्या जुड्या सगळ्या खोडभर विखुरलेल्या. म्हणून गहू, ज्वारी, ऊस, केळी यांना कलम होत नाही, असंच आम्ही शिकलो आणि शिकवलं. २०२२ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ते खोटं ठरवलं. बीमधला अंकुर अगदी भ्रूणावस्थेत असतानाच जोड दिली तर गव्हाला ओटचं मूळही चालतं, आणि केळी, खजूर, कांदा यांतही सांधा धरतो असं त्यांनी दाखवलं. पनामा मर रोगाच्या सावटाखालच्या केळीला उद्या दुसऱ्या कुणाची मुळं लावता येतील, अशी ती वाट आहे. आपल्या शेतातल्या केळीत बीच नसतं ही अडचण आहे, पण मला ती बातमी वाचून तात्यांची आठवण झाली. त्यांनी ती ऐकली असती तर आधी चाकू मागितला असता.

आमची मोसंबीची बाग २०१४ मध्ये भावानं काढली. झाडं थकली होती, पाणीही कमी पडत होतं. विहिरीजवळचं तेवढं एक त्यानं ठेवलं. का ठेवलं हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. गेल्या पावसाळ्यात पुतण्यानं पुन्हा मोसंबी लावायचं ठरवलं. त्यानं माती तपासून घेतली, चुनखडीचं प्रमाण पाहिलं आणि जंभेरीऐवजी रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं मागवली. चुनखडीच्या जमिनीतून लोह काढायला आणि खारपट पाणी सोसायला हा खुंट बरा, असं त्याला कृषी महाविद्यालयातल्या कुणी सांगितलं. ते खरंही आहे. कलमं आली तेव्हा मी धुळ्याहून मुद्दाम गेलो. एकेक हातात घेऊन सांधा पाहिला, डोळा जमिनीपासून वीतभर वर आहे ना, खुंट सरळ आहे ना. लावताना सांधा मातीत गाडला जाऊ नये म्हणून रोपवाटिकेतल्या पिशवीच्या खुणेपर्यंतच माती भरली.

पुतण्याला नोंदी ठेवायच्या आहेत, मोबाइलमध्ये. प्रत्येक रोपाशेजारी त्यानं हातभर अंतरावर बांबूची काठी रोवली आणि नंबराची प्लॅस्टिकची पट्टी त्या काठीला बांधली. रोपाला नाही. त्याला हे कुणी सांगितलं असेल, भावानं की आणखी कुणी, मला माहीत नाही. शेवटची ओळ विहिरीजवळ आली तेव्हा काठ्या संपल्या. तो म्हणाला, "काका, तुम्ही बसा, मी घरून घेऊन येतो." मी तीन पायांच्या झाडाखाली बसून राहिलो, तो काठ्या घेऊन येईपर्यंत.